प्रार्थनेनंतरची वाट



या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला बोलाविलेत, हा मी माझा सन्मान समजतो. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांना आपण सर्व जण नुसते ‘गुरुजी’ म्हणता. त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले नाही. तथापि त्यांच्या विद्यार्थ्यांकडून एक गोष्ट मी वारंवार ऐकली आहे. गुरुजी प्रश्न विचारीत आणि उत्तरासाठी थांबत. हुशार मुलांचे हात वर होत, तरी ज्याला प्रश्न विचारला त्याचे उत्तर येईपर्यंत ते दुसऱ्याकडे वळत नसत. शिक्षकाचे हे थांबणे ज्यांच्या वाट्याला आले, त्यांना ते जन्मभर पुरले. व्याख्यानाचा विषय ठरविताना ही गोष्ट माझ्या मनात होती.

किरनापूरला मराठीतून बोलताना मला परक्या प्रांतात आल्यासारखे वाटत नाही. १९५६च्या १ नोव्हेंबरला प्रांतरचना बदलली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्यापूर्वी या भागाची राजधानी नागपूरच होती. नकाशावर रेघ ओढली गेली. परंतु वैनगंगेचे पाणी आणि घराघरांतील बोली यांना ती फारशी कळली नाही. पोवारी, मरारी, गोंडी, हिंदी आणि मराठी या साऱ्या भाषा येथील बाजारात आजही एकाच दुकानापुढे उभ्या असतात. अशा ठिकाणी मराठी वाङ्मयाच्या एका काहीशा दुर्लक्षित दालनाविषयी, म्हणजे मराठी ख्रिस्ती वाङ्मयाविषयी, बोलण्याची संधी मी घेत आहे. हे दालन माझ्या संशोधनाचा विषय होते. आणि मी जन्माने व श्रद्धेने ख्रिस्ती असल्यामुळे ते माझ्या घरचेही आहे.

विषय साधा आहे. मनुष्य प्रार्थना करतो. हात जोडतो, गुडघे टेकतो, जे मागावयाचे ते मागतो आणि उठतो. त्यानंतर काय? मागणे आणि मिळणे यांच्यामध्ये जो काळ पसरलेला असतो, त्या काळात श्रद्धावंताने कसे राहावे? प्रार्थना कशी करावी यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रार्थनेनंतर कसे थांबावे यावर त्यामानाने थोडे. माझ्या मते माणसाची श्रद्धा त्याच्या प्रार्थनेच्या शब्दांवरून तितकी कळत नाही, जितकी त्याच्या थांबण्याच्या रीतीवरून कळते.

भाषेचा अध्यापक असल्यामुळे प्रथम शब्दांकडे वळतो. संस्कृतातील ‘प्रतीक्षा’ हा शब्द ‘प्रति’ आणि ‘ईक्ष्’ यांपासून झाला आहे. एखाद्याच्या दिशेने पाहत राहणे हा त्याचा मूळ अर्थ. मराठीने तोच अर्थ अधिक घरगुती करून घेतला आणि म्हटले, ‘वाट पाहणे’. येणारा अजून दिसत नाही. दिसते ती केवळ वाट. पण ज्याअर्थी आपण वाटेकडे पाहतो, त्याअर्थी कोणीतरी येणार आहे हे आपण धरूनच चालतो. न येणाऱ्याची वाट कोणी पाहत नाही. दुसरा शब्द ‘धीर धरणे’. धीर ही धरावयाची वस्तू आहे. ती आपोआप हातात राहत नाही, सुटू पाहते. आणि तिसरा शब्द ‘सबुरी’. हा अरबी ‘सब्र’ मराठी मातीत येऊन इतका रुळला की श्रद्धेच्या जोडीने तो उच्चारल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. दिशा, पकड आणि सोसणे या तीनही गोष्टी प्रार्थनेनंतरच्या थांबण्यात असतात.

येथेच प्रार्थना आणि नवस यांमधील भेदही पाहून घ्यावा. नवसात देवघेव असते: तू हे दे, मी ते देईन. नवसाला मुदत असते. ही वृत्ती कोणत्याही एका धर्माची मक्तेदारी नाही. मुंबईत वांद्र्याच्या माऊंट मेरीच्या जत्रेत दर सप्टेंबरात मेणाचे हात, पाय, बाहुल्या, घरे विकत घेऊन देवमातेला वाहणारे लोक सर्व धर्मांचे असतात. त्यांच्या भावनेचा मी अनादर करीत नाही. दुखणाइताच्या आईने मेणाचा पाय वाहिला तर तिच्याशी वाद घालणारा मी कोण? परंतु नवस फेडून झाला की व्यवहार संपतो. प्रार्थनेत व्यवहार नसल्यामुळे तिला मुदतही नसते, आणि म्हणूनच ती अवघड असते.

बायबलमध्ये या अवघडपणाची जाणीव जागोजाग आहे. अब्राहामाला संततीचे वचन मिळाले तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता. इसहाकाचा जन्म झाला तेव्हा शंभर वर्षांचा. मधली पंचवीस वर्षे तो आणि सारा यांनी काही आदर्श शांतपणे काढली नाहीत. त्यांनी आपल्या हिशेबाने मधला मार्ग काढून पाहिला, आणि त्याचे दुःख हागार व तिचा मुलगा यांना भोगावे लागले. स्तोत्रसंहितेत स्तुतीची स्तोत्रे आहेत, तशी देवाला उशिराचा जाब विचारणारीही आहेत. एका स्तोत्रात वाट पाहणाऱ्या जिवाची तुलना पहाटेकडे डोळे लावून बसलेल्या पहारेकऱ्याशी केली आहे. पहारेकऱ्याला पहाट लवकर आणता येत नाही, आणि झोपही घेता येत नाही.

याकोबाच्या पत्रात जो दाखला आहे, तो तर किरनापूरच्या माणसाला समजावून सांगण्याची गरजच नाही. तेथे उदाहरण घेतले आहे शेतकऱ्याचे. पॅलेस्टाईनमध्ये पेरणीच्या वेळी पहिला पाऊस आणि पीक भरण्याच्या वेळी शेवटचा पाऊस, असे दोन पाऊस महत्त्वाचे. त्या दोहोंची वाट पाहणारा शेतकरी हा धीराचा आदर्श म्हणून सांगितला आहे. हा तर धानाचा मुलूख. मृगाचा पाऊस झाला की परहे टाकावयाचे, ते वर आले की चिखलणी करून रोवणी करावयाची आणि मग थांबावयाचे. हे थांबणे म्हणजे ओसरीवर बसून राहणे नव्हे. बांधीत पाणी किती आहे ते पाहावे लागते, फुटलेला बांध घालावा लागतो, निंदण काढावे लागते. सारे काही करता येते. फक्त लोंबी ओढून बाहेर काढता येत नाही. शिवाय आपल्याला हलके धान आणि भारी धान यांतला फरक माहीत आहे. हलके धान लवकर हाती येते. ज्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि बालाघाटचे नाव सर्वदूर गेले, ते धान भारी. ते शेतात अधिक दिवस मागते. शेजाऱ्याचे हलके धान खळ्यात आले म्हणून आपले भारी धान हिरवे असतानाच कापणारा शेतकरी मी पाहिलेला नाही. प्रार्थनेच्या बाबतीत मात्र आपण हे नेहमी करतो.

ही सूत्रे झाली. सूत्रांवर विश्वास बसण्यासाठी माणसे लागतात. म्हणून आता मराठीतील तीन माणसांकडे वळू.

१८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. हा मार्ग गोंदियावरून जातो. म्हणजे आपण ज्या गाडीने येता-जाता, जवळजवळ त्याच वाटेवरची ही घटना आहे. डब्यात एक परदेशी गृहस्थ होते. संस्कृत काव्यावर, मग धर्मावर दोघांचे बोलणे झाले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि ती वाचण्याचा आग्रह केला. टिळकांनी दिलेला शब्द पाळला. गिरिप्रवचनापाशी ते आले आणि तेथून त्यांचे मन मागे फिरले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

 त्या प्रवाशाने एक पुस्तक दिले आणि तो उतरून गेला. आपण दिलेल्या पुस्तकातून टिळकांची ख्रिस्ती कविता उगवेल, हे त्याला त्या वेळी ठाऊक असणे शक्य नव्हते. पेरणारा एक आणि कापणारा दुसरा असे अनेकदा होते. आपली प्रार्थना फळली नाही असे म्हणताना आपण पुष्कळदा इतकेच सांगत असतो, की ती आपल्या डोळ्यांदेखत फळली नाही.

टिळकांच्या बाप्तिस्म्याने त्यांचा संसार मोडला. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू त्यांच्यापासून दूर राहिले. लक्ष्मीबाईंच्या दुःखाला पारावार उरला नाही. पतीने धर्म सोडला. त्या काळच्या ब्राह्मण स्त्रीला हे वैधव्याहून वेगळे नव्हते, आणि वैधव्यही नव्हते, कारण पती जिवंत होता. हे सारे त्यांनीच ‘स्मृतिचित्रे’मध्ये सांगितले आहे, आणि तेही अशा निर्मळ विनोदाने की वाचकाला हसावे की डोळे पुसावे हे कळत नाही. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र मराठी गद्याचे एक शिखर आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने ते लिहिले, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

आता टिळकांच्या बाजूने पाहा. पत्नी व मुलगा आपल्याजवळ यावेत ही त्यांची इच्छा उघड होती. श्रद्धावंताची इच्छा ही त्याची प्रार्थना असते. त्या वेळी त्यांच्यापुढे दुसरा मार्गही होता. १८६६ साली सरकारने धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा एक कायदा केला होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाचा जोडीदार धर्मभेदामुळे त्याच्याबरोबर नांदावयास तयार नसेल, तर त्याला न्यायालयात जाता येत असे. न्यायाधीशाने जोडीदाराला विचारावयाचे, नकार आल्यास खटला एक वर्ष तहकूब ठेवावयाचा आणि वर्षाअखेरीस नकार कायम राहिल्यास विवाह मोडून द्यावयाचा, अशी तरतूद होती. कायद्याने वाट पाहण्याची मुदत एक वर्ष ठरविली होती. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. ते सुमारे पाच वर्षे थांबले.

आणि थांबणारा हा मनुष्य कसा होता? ‘स्मृतिचित्रे’तील टिळक कमालीचे उतावीळ आहेत. क्षणात संतापणारे, क्षणात विरघळणारे, मनात आले की घरदार सोडून निघून जाणारे, हातातला पैसा कोणाही गरजूला देऊन मोकळे होणारे. धीर हा त्यांचा स्वभाव नव्हताच. म्हणून त्या पाच वर्षांचे मोल मला अधिक वाटते. ज्याला थांबणे जन्मतः जमते त्याच्या थांबण्यातून श्रद्धेविषयी फारसे कळत नाही. आगगाडीसाठीही ज्याला फलाटावर स्वस्थ उभे राहवत नाही, तो माणूस एका व्यक्तीसाठी पाच वर्षे थांबतो, तेव्हा त्याने कोणाच्या तरी आधाराने धीर धरलेला असतो.

या काळात लक्ष्मीबाई काही दिवस पंढरपूरला होत्या. याच विरहात त्यांना कविता सुचू लागली. त्यांच्याही मनाला आस लागलेली होती. पतीने माघारी यावे, संसार पूर्ववत व्हावा ही. म्हणजे एकाच घरातील दोन जीव परस्परविरुद्ध दिशांना तोंड करून एकाच गोष्टीची वाट पाहत होते. यांपैकी देवाने कोणाचे ऐकले? प्रश्न असा विचारला की त्याचे उत्तर मिळत नाही. दोघे एकत्र आले, इतके मात्र खरे. अहमदनगरला लक्ष्मीबाई पतीजवळ राहावयास आल्या तेव्हा त्या हिंदूच होत्या. त्यांनी आपले सोवळेओवळे सांभाळले आणि टिळकांनी त्यात बळजबरी केली नाही. पुढे राहुरीच्या मुक्कामात त्यांच्या मनातील जातिभेद गळून पडला. माणसाने केलेला भेद देवाचा असू शकत नाही, या विचारापाशी त्या स्वतःच्या बुद्धीने आल्या. त्या वेळीही ख्रिस्ती होण्याचा त्यांचा विचार नव्हता. फक्त कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा होता. त्यानंतर, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांची प्रार्थना अशा रीतीने सफळ झाली, असे म्हणून हा अध्याय संपविता येईल. पण मला त्यातील दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. एखाद्या माणसासाठी प्रार्थना केल्यावर त्या माणसावर दडपण आणणे म्हणजे आपल्याच प्रार्थनेवर अविश्वास दाखविणे होय. मी देवाला सांगितले आहे, असे म्हणावयाचे आणि मग बायकोला, मुलाला, सुनेला धाक, रुसवा, अबोला यांनी आपल्या बाजूस ओढावयाचे. ही लोंबी ओढणेच झाले. दुसऱ्याच्या मनाचा दरवाजा आतून उघडतो. बाहेर उभ्या राहणाऱ्याने उभे राहावे, हाक मारावी, पण दार फोडू नये. टिळकांनी लक्ष्मीबाईंना विचार करण्याची मोकळीक दिली नसती, तर मराठीला एक ख्रिस्ती बाई मिळाली असती कदाचित. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी लक्ष्मीबाई मिळाली नसती.

पंढरपूरचा उल्लेख झाला म्हणून एक गोष्ट येथे सांगतो. टिळक आपल्या ख्रिस्तभक्तीचे ऋण तुकोबांकडे मोकळेपणाने मान्य करीत. मराठी माणसाला वाट पाहण्याचे सर्वांत थोर चित्र पंढरपुरातच दिसते. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत गुंतलेला, आणि त्याने फेकलेल्या विटेवर देव कटीवर हात ठेवून उभा. तेथे थांबलेला आहे तो देव. ख्रिस्ताच्या उधळ्या पुत्राच्या दृष्टांतातही हेच आहे. मुलगा दूर असतानाच बापाला तो दिसतो. दूरवरचा मनुष्य त्यालाच दिसतो, ज्याची नजर वाटेवर असते. आपण देवाची वाट पाहतो तेव्हा तो आपल्या आधीपासून आपली वाट पाहत असतो, हा विचार दोन्ही परंपरांत आहे. माझ्या श्रद्धेला त्याने फार आधार दिला आहे.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. टिळकांना दुसऱ्याच्या मनासाठी थांबावे लागले. रमाबाईंना रोजच्या अन्नासाठी. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंनी दुष्काळ पुस्तकात वाचलेला नव्हता. १८७०च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील व बहीण गेली आणि पुढे १८८० साली भाऊही गेला. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदासदन काढले. ते पुढे पुण्यास नेले. १८९६-९७ साली दुष्काळ पडला तेव्हा त्या आपल्या या मध्य प्रांतात आल्या, आणि उपाशी, निराधार, कोणाच्याही हाती पडतील अशा स्थितीतील मुली त्यांनी आपल्याबरोबर नेल्या. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे एवढ्या मुलींना ठेवणे शक्य नव्हते. केडगावची जमीन त्यांनी आधी घेऊन ठेवली होती. तेथे मुक्तिसदन उभे राहिले. १९००च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांच्या पुढे गेली.

इतक्या मुखांना दोन वेळचे अन्न कोठून येणार? ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर यांनी कोणापुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेच्या बळावर हजारो अनाथ मुले वाढविली होती. त्यांच्या चरित्राचा रमाबाईंवर खोल परिणाम झाला होता. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दिलेली दहा वर्षांच्या मदतीची हमी १८९८ साली संपली. पुढे त्यांचा भरवसा प्रार्थनेवरच होता.

परंतु केडगावला त्या प्रार्थना करून बसून राहिल्या नाहीत. विहिरी खणल्या. फळबाग लावली. शेती, गाईगुरे, विणकाम, तेलघाणा, छापखाना ही कामे मुलींच्या हातांत दिली. अंध मुलींना वाचावयास शिकविले. ‘मुक्ति’चा दिनक्रम पाहिला तर प्रार्थनेचा तास कोणता आणि कामाचा कोणता हे वेगळे करणे कठीण जाते. १९०५ साली तेथे झालेल्या आध्यात्मिक जागृतीचे वर्णन जगभर झाले. त्यामागे कित्येक महिन्यांची सामुदायिक प्रार्थना होती. देवाची वाट पाहणे आणि हात चालविणे यांत विरोध आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी केडगावकडे पाहावे. शिवाय याच काळात रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर करीत होत्या. पंधराहून अधिक वर्षे हे काम चालले. त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, ते ‘मुक्ति’च्याच छापखान्यातून पूर्ण बाहेर पडले.

आता मी विषयाच्या अवघड भागाशी आलो आहे. येथवर जी उदाहरणे दिली त्यांत शेवटी काहीतरी हाती आले. परंतु जी प्रार्थना फळत नाही तिचे काय? रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा. आईच्या कामाचा सारा भार पुढे तीच उचलणार होती. २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ती गेली. ज्या आईच्या प्रार्थनेने दीड हजार मुली जगल्या, तिला स्वतःची मुलगी राखता आली नाही. सुमारे साडेआठ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या. या मधल्या महिन्यांत त्यांचे भाषांतराचे काम चालू होते.

याचा खुलासा मी करणार नाही. असे खुलासे करणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. माझी पत्नी सोळा महिने अंथरुणावर होती. औषधोपचारात आम्ही काही कमी ठेवले नाही, आणि रोज रात्री मी तिच्या उशाशी बसून प्रार्थना करीत असे. ती बरी झाली नाही. त्या दिवसांत भेटावयास येणारे काही सज्जन मला सांगत, की तुमची श्रद्धा कमी पडली असेल. काही सांगत, की यात देवाचा काही हेतू असेल. दोघांचेही म्हणणे मी ऐकून घेतले. मला आठवते ते निराळेच. सुरुवातीच्या महिन्यांत तिला रात्रीची भीती वाटे. शेवटच्या महिन्यांत ती वाटत नसे. प्रार्थना संपली की ती ‘बरं’ एवढेच म्हणे आणि झोपी जाई. मी जे मागितले होते ते मिळाले नाही. तिला जे मिळाले ते मी मागितलेले नव्हते. याहून अधिक मला सांगता येत नाही, आणि याहून कमी सांगणे खरे होणार नाही.

बेथानीच्या लाजराची कथा मला त्या काळात वेगळ्या रीतीने कळली. लाजर आजारी असल्याचा निरोप येऊनही ख्रिस्त आणखी दोन दिवस होता तेथेच राहिला. तो पोचला तेव्हा लाजराला थडग्यात ठेवून चार दिवस झाले होते. मार्थेने त्याला गाठून स्पष्ट सांगितले, की तू वेळेवर आला असतास तर माझा भाऊ मेला नसता. पुढचा चमत्कार सर्वांना ठाऊक आहे. माझे लक्ष त्याआधीच्या दोन गोष्टींकडे जाते. मार्थेच्या तक्रारीबद्दल ख्रिस्ताने तिला दोष दिला नाही. आणि थडग्याकडे जाताना तो स्वतः रडला. धीर धरणे म्हणजे तक्रार न करणे असे कोणी सांगत असेल, तर त्याने ही कथा पुन्हा वाचावी. ज्याच्याजवळ तक्रार नेली जाते, त्याच्यावर अजून विश्वास असतो. प्रत्यक्ष ख्रिस्तानेही गेथशेमानेच्या बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. तो टळला नाही. ज्या श्रद्धेच्या केंद्रस्थानीच अशी एक नाकारलेली विनंती आहे, तिच्या अनुयायांनी इतरांच्या न फळलेल्या प्रार्थनांवर घाईने निवाडा देऊ नये.

येथे तरुण मित्रांना एक स्पष्ट इशारा देणे माझे कर्तव्य आहे. देवावर भरवसा ठेवून थांबणे म्हणजे कर्तव्य टाळणे नव्हे. तापाने फणफणलेल्या मुलाला दवाखान्यात न नेता प्रार्थनेवर ठेवणे हा विश्वास नव्हे. ते त्या मुलाच्या जिवाशी खेळणे आहे. अन्याय सोसणाऱ्या स्त्रीला ‘देव पाहतो आहे, तू धीर धर’ असे सांगणेही तसेच. असा धीर बहुधा दुसऱ्यालाच धरावयास सांगितला जातो. ख्रिस्ताने सांगितलेल्या दृष्टांतातील विधवा आठवा. न्यायाधीश अन्यायी आहे हे ठाऊक असूनही ती रोज त्याच्या दारी जाते, न्याय मागते आणि शेवटी तो मिळविते. प्रार्थना कशी करावी हे शिकविण्यासाठी हा दृष्टांत सांगितला गेला. त्यातली बाई घरी बसलेली नाही.

तिसरे उदाहरण पुन्हा लक्ष्मीबाईंचेच. परंतु आता त्या वाट पाहिली जाणारी व्यक्ती राहिलेल्या नाहीत. टिळकांनी ख्रिस्तचरित्रावर ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले होते. ९ मे १९१९ रोजी ते वारले तेव्हा सुमारे दहा अध्यायच झाले होते. ज्या पत्नीला त्यांनीच अक्षरओळख करून दिली, तिने ते काम हाती घेतले. आपल्या शिक्षणाची, वयाची, प्रकृतीची सबब तिने सांगितली नाही. लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्याय लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याही गेल्या. उरलेले काम मुलगा देवदत्त यांनी पुरे केले आणि १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्याने आरंभ केला त्याने शेवट पाहिला नाही. जिने बहुतेक सारे लिहिले तिने छापलेला ग्रंथ पाहिला नाही. इब्री लोकांस पत्रात श्रद्धावंतांची एक मोठी नामावळी आहे, आणि तिच्यात म्हटले आहे ते हेच, की वचन पुरे होण्याआधीच ही माणसे गेली. त्यांनी ते दुरून पाहिले आणि दुरूनच त्याला वंदन केले.

एकाच्या प्रार्थनेला दुसऱ्याच्या हातून उत्तर मिळते, आणि कधी कधी ते देणारे हात आपलेच असतात. आजच्या काळात हे समजणे थोडे कठीण झाले आहे. भ्रमणध्वनीवरून संदेश पाठवावा, तो पोचल्याची खूण दोन क्षणांत उमटावी, वाचल्याची खूण निळी व्हावी, आणि तरीही उत्तर आले नाही तर आपण अस्वस्थ व्हावे, अशी आपल्या मनाला सवय लागली आहे. प्रार्थनेला अशी खूण उमटत नाही. परीक्षेचा निकाल, नोकरीचे पत्र, मुलीचे लग्न, परदेशी गेलेल्या मुलाची ख्यालीखुशाली यांसाठी आपल्यापैकी प्रत्येक जण आज कोणत्या ना कोणत्या वाटेकडे पाहत असेल. त्यांना मी तीनच गोष्टी सांगेन. जे मागितले ते देवाच्या स्वाधीन केल्यावर दिवसातून दहा वेळा परत घेऊ नका. वाट पाहताना हातातले काम सोडू नका. आणि ज्या माणसासाठी प्रार्थना केली, त्याला मोकळे ठेवा.

या शाळेने गेल्या इतक्या वर्षांत कितीतरी मुले घडविली. त्यांतील कोण पुढे काय झाला हे शिकविणाऱ्यांपैकी अनेकांना कळले नाही. कळण्याआधी ते निवृत्त झाले, काही जण जगातून गेले. तरी ते रोज घंटा झाली की वर्गात जात राहिले. शिक्षकाचा धंदा हाही एक वाट पाहण्याचाच धंदा आहे. गुरुजींच्या स्मृतीला मी नम्र अभिवादन करतो.